ऊन सर्वांचे, अनुदान कोणाचे?

(बार्शीटाकळी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय मी कळविला तेव्हा संयोजकांपैकी एका तरुण मित्राने काहीशा निराशेने विचारले, "सर, कापसाचा भाव, सोयाबीनचा भाव, पीकविमा हे सारे सोडून तुम्ही घरावरच्या सौर पॅनेलवर बोलणार?" त्याची निराशा मी समजू शकतो. सौर पॅनेल हा विषय कंपन्यांच्या जाहिरातीत शोभणारा आहे, अभ्यासवर्गाचा नव्हे, अशी आपली एक समजूत असते. परंतु सरकार ज्या वस्तूवर पैसा खर्च करते त्या वस्तूच्या निमित्ताने सरकारला कोण दिसते आणि कोण दिसत नाही, हे तपासणे हा अर्थशास्त्राचा जुनाच उद्योग आहे. आणि या विषयाकडे मी पुस्तकातून वळलेलो नाही, माझ्या स्वतःच्या गच्चीवरून वळलो आहे. म्हणून आरंभी थोडी कबुली देतो.

निवृत्तीनंतर मी गावी परतलो. घर वडिलोपार्जित, वर स्लॅब, दक्षिणेकडे एकही झाड नाही. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाल्यानंतर काही महिन्यांनी मी तीन किलोवॅटचा संच बसविला. सुमारे एक लाख नव्वद हजार रुपये आधी माझ्या पदरचे भरले. पुढे यथावकाश केंद्र सरकारने ७८,००० रुपये माझ्या बँक खात्यात जमा केले. या सबंध व्यवहारात माझे उत्पन्न किती, मला निवृत्तिवेतन मिळते काय, मी आयकर भरतो काय, असा एकही प्रश्न मला कोणी विचारला नाही. घर स्वतःचे आहे ना, गच्ची आहे ना, वीजजोडणी नावावर आहे ना, एवढेच विचारले. ही तिन्ही उत्तरे होकारार्थी असल्याने मी पात्र ठरलो.

माझ्या घरामागे एक शिंपी राहतो. दोन भाऊ, दोघांची कुटुंबे, वर टिनाचे छत, एकच मीटर. पॅनेल बसविण्याचे काम चालू असताना तो दोन दिवस खाली उभा राहून पाहत होता. अनुदानाची रक्कम कळल्यावर तो म्हणाला, "सर, ऊन त तुमच्या गच्चीवर पडते तेच आमच्या टिनावर पडते. सरकारले तुमचंच ऊन दिसलं काय?"

तो हसून बोलला, मीही हसलो. परंतु पदव्युत्तर वर्गांना तीस वर्षे सार्वजनिक आयव्यय शिकविलेल्या माणसाजवळ त्या प्रश्नाचे तयार उत्तर नव्हते, हे मला मान्य केले पाहिजे. आज मी जे बोलणार आहे ते त्या उत्तराचा शोध आहे असे समजा.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. युरोप-अमेरिकेत तो सध्या एका वेगळ्या यंत्राच्या निमित्ताने उभा आहे. तिकडे घर थंडीत ऊबदार ठेवण्यासाठी आजवर तेल किंवा नैसर्गिक वायू जाळीत असत. त्याऐवजी आता विजेवर चालणारा हीट पंप बसवावा असे सरकारांचे धोरण आहे. हे यंत्र म्हणजे आपला वातानुकूलक उलटा चालविल्यासारखे असते. बाहेरच्या थंड हवेतही जी थोडीफार उष्णता असते ती ओढून ते घरात आणते, आणि विजेच्या एका युनिटमागे सुमारे तीन युनिटांइतकी उष्णता देते. यंत्र गुणी आहे, पण महाग आहे. सामान्य कुटुंबाने ते विकत घ्यावे तर सरकारी मदतीवाचून भागत नाही. मग मदत कोणाला, किती?

अमेरिकेने २०२२ च्या कायद्यात दोन वाटा ठेवल्या. एक वाट आयकरातील सवलतीची: हीट पंपाच्या खर्चाच्या ३० टक्के, वर्षाला २,००० डॉलरपर्यंत, आयकरातून वजा. ज्याला कर भरावाच लागत नाही इतके ज्याचे उत्पन्न तुटपुंजे, त्याला या सवलतीचा काय उपयोग? वजा करायला मुळात काही असायला हवे! ही सवलत २०२५ अखेर बंदही झाली. दुसरी वाट उत्पन्नाधारित सुटीची. आपल्या भागातील मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्क्यांहून ज्याचे उत्पन्न कमी, त्याला हीट पंपाचा सबंध खर्च, ८,००० डॉलरच्या मर्यादेपर्यंत. ८० ते १५० टक्क्यांमधील कुटुंबाला निम्मा. त्यावरच्याला काहीही नाही. ही सूट खरेदीच्या वेळीच किमतीतून वजा व्हावी, अशी तिची रचना. जर्मनीने २०२४ पासून सर्वांना ३० टक्के मूळ अनुदान ठेवले आणि ज्या कुटुंबाचे करपात्र उत्पन्न वर्षाला ४०,००० युरोपर्यंत आहे त्याला आणखी ३० टक्के. फ्रान्सने २०२० साली सुरू केलेल्या योजनेत कुटुंबांना उत्पन्नानुसार चक्क रंग दिले: निळा, पिवळा, जांभळा, गुलाबी. निळ्याला सर्वाधिक, गुलाबीला अत्यल्प किंवा काहीच नाही. आपल्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. १ मे १९९९ पासून महाराष्ट्रात पिवळे, केशरी आणि पांढरे अशी तिरंगी शिधापत्रिका चालत आलेली आहे. गरिबीला रंग देण्याच्या कलेत आपण फ्रेंचांहून वीस वर्षांनी पुढे आहोत.

आता आपल्या दाराशी येऊ. केंद्राच्या सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तिसऱ्यासाठी १८,००० रुपये मिळतात. तिसऱ्याला दर कमी आहे, म्हणजे योजनाकारांच्या मनात विषमतेचा विचार अगदीच आला नाही असे नाही. परंतु हिशेब करून पाहा. एक किलोवॅट बसविणाऱ्याला ३०,००० आणि माझ्यासारख्या तीनवाल्याला ७८,०००. ज्याची ऐपत मोठी त्याच्या हाती सरकारचे अडीचपट पैसे. उत्पन्न न विचारणे याचा अर्थ समदृष्टी असा होत नाही, तो प्रत्यक्षात असा होतो.

ही उणीव महाराष्ट्र शासनाच्या ध्यानात आली आणि २०२५ साली राज्याने 'स्मार्ट' या संक्षिप्त नावाची, छतावरील सौरऊर्जेचीच, पण दुर्बल घटकांसाठी असलेली योजना आणली. एक किलोवॅटच्या संचाची किंमत ५०,००० रुपये धरली. केंद्राचे ३०,००० त्यात आहेतच. उरलेल्या २०,००० पैकी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला राज्य १७,५०० देते आणि कुटुंबाने केवळ २,५०० भरावयाचे. महिन्याला १०० युनिटांहून कमी वीज वापरणाऱ्या दुर्बल कुटुंबांपैकी सर्वसाधारण गटाला राज्य १०,००० आणि अनुसूचित जाती-जमातींना १५,००० देते. त्यांचा स्वतःचा वाटा अनुक्रमे १०,००० आणि ५,००० रुपये. तरतूद ६५५ कोटींची, लाभार्थी ५ लाख, त्यांपैकी सुमारे दीड लाख दारिद्र्यरेषेखालील.

विरोधी विचाराच्या व्यासपीठावरून सरकारी योजनेत काही चांगले दिसलेच नाही असे म्हणण्याची एक सवय असते. ती मला मान्य नाही. या योजनेत दोन गोष्टी निःसंशय चांगल्या आहेत. एक म्हणजे गरिबाने आधी सारे पैसे उभे करावेत आणि मग सरकारची वाट पाहावी, हा क्रम येथे बराचसा मोडला आहे. शेतावरील सौर पंपाच्या २०२४ मधील 'मागेल त्याला' योजनेत शेतकऱ्याने १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के भरावयाचे, ही पद्धत होतीच. तीच आता घरापर्यंत आली. मी सुरुवातीला एक लाख नव्वद हजार भरू शकलो, कारण माझ्याजवळ भविष्यनिर्वाह निधीची ठेव होती. शिंप्याला तेवढे उभे करायला सावकार लागला असता, आणि सावकाराच्या व्याजाने अनुदान केव्हाच खाऊन टाकले असते. अनुदानाची रक्कम किती, यापेक्षा ती केव्हा मिळते हा प्रश्न गरिबाच्या दृष्टीने अधिक मोठा असतो. आमच्या क्रमिक पुस्तकांत या 'केव्हा'ला फारशी जागा नाही.

दुसरी चांगली गोष्ट अशी की पात्रतेसाठी नुसत्या दाखल्यावर न थांबता विजेचा वापर हे परिमाण धरले. यावर थोडे विस्ताराने बोलतो, कारण उत्पन्नाधारित मदतीची खरी अडचण येथेच आहे.

उत्पन्न मोजायचे कसे? जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये बहुतेक कुटुंबांचे कर विवरण सरकारजवळ असते. ते उघडले की रंग ठरला. आपल्याकडे शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही आणि वऱ्हाडातील कोरडवाहू शेतकऱ्याचे उत्पन्न एका वर्षीसारखे दुसऱ्या वर्षी नसते. सात एकरांचा धनी एखाद्या साली बरा असतो, पुढल्या साली बोंडअळीने किंवा परतीच्या पावसाने त्याचे पिवळ्या कार्डवाल्याहून वाईट होते. पिवळ्या कार्डासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठरली १५,००० रुपये. अन्नसुरक्षेच्या प्राधान्य गटासाठी ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरी भागात ५९,०००. पंधरा हजार म्हणजे महिन्याला साडेबाराशे रुपये. या मर्यादेत आज प्रामाणिकपणे कोणते कुटुंब बसेल? परिणाम असा होतो की खरे सांगणारा बाहेर पडतो आणि दाखला मिळविण्याची कला ज्याला अवगत आहे तो आत राहतो. २०२४ च्या जुलैत 'लाडकी बहीण' योजनेसाठी तहसील आणि सेतू केंद्रांपुढे लागलेल्या रांगा आपण पाहिल्या आहेत. अडीच लाखांच्या उत्पन्नाची अट होती, आणि पिवळ्या-केशरी कार्डांना दाखल्यातून सूट द्यावी लागली, ती उगाच नव्हे.

या संदर्भात रोजगार हमीची आठवण करून देणे मला आवश्यक वाटते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९७२ च्या दुष्काळाच्या काळात ती योजना उभी राहिली, पुढे तिचा कायदा झाला. त्या योजनेत उत्पन्नाचा दाखला नव्हता. जो खडी फोडायला येईल त्याला काम. श्रीमंत उन्हात खडी फोडायला येत नाही, एवढ्या साध्या सत्यावर सारी निवड अवलंबून होती. गरिबाला आपली गरिबी सिद्ध करीत फिरावे लागले नाही. विजेच्या वापराचे परिमाण हे काहीसे त्याच जातीचे आहे. बिल प्रत्येकाच्या घरी येते, ते सरकारी कंपनीनेच काढलेले असते, त्यासाठी कोणाच्या सहीची गरज नाही.

काहीसे म्हणालो, कारण ते पूर्णपणे तसे नाही. माझ्या शेजारच्या शिंप्याकडे पाहा. दोन भावांची चूल वेगळी, पण मीटर एक. दोन्ही कुटुंबे मिळून महिन्याला १२०-१३० युनिटे जळतात. म्हणजे कुटुंबामागे ६५. मीटरच्या दृष्टीने मात्र तो १०० च्या पुढचा, म्हणजे सुस्थितीतला! उलट ज्याची मुले पुण्याला आहेत आणि ज्याचे गावातले दुमजली घर वर्षातून दहा महिने कुलूपबंद असते, त्याचे मीटर महिन्याला आठ युनिटे दाखविते. दुर्बल कोण? एकत्र राहणे हे आपल्याकडे पुष्कळदा जिव्हाळ्यापेक्षा गरिबीमुळे असते. दुसरे मीटर घ्यायला आणि दुसरी भिंत बांधायला पैसे नसतात. ही अट लावताना मीटरमागे किती माणसे आहेत हे शिधापत्रिकेवरून पाहणे अवघड नाही. दोन्ही नोंदी सरकारजवळच आहेत. त्या एकमेकींशी बोलत नाहीत, एवढेच.

आणि मग उन्हाळा. अकोला जिल्ह्यात राहून विजेचा हिशेब करणाऱ्याने मे महिना विसरून चालणार नाही. २०२४ च्या मे अखेरीस आपल्या जिल्हाधिकाऱ्यांना उष्णतेच्या लाटेपायी कलम १४४ लावावे लागले होते. ज्या कलमाने आपल्या पिढीने मोर्चे अडविलेले पाहिले, तेच कलम उन्हाविरुद्ध वापरण्याची वेळ आली. कामाच्या ठिकाणी पाणी आणि पंखे द्या, भर दुपारी शिकवणीचे वर्ग भरवू नका, असे त्यात सांगितले होते. दिवसा कामगाराला पंखा द्यावा हे ठीकच. पण तो संध्याकाळी ज्या टिनाखाली परततो तेथे काय? दिवसभर तापलेले टीन अंधार पडल्यानंतरही भट्टीसारखे धगधगत असते. म्हाताऱ्या माणसांचे आणि तान्ह्या मुलांचे हाल तेव्हा होतात. अशा घरात कूलर ही चैन नाही. साधा कूलर दीडदोनशे वॅटचा असतो. दिवसाला बारा तास चालविला तर महिन्याला साठ-सत्तर युनिटे लागतात. अकरा महिने चाळीस युनिटांवर भागविणारे कुटुंब मेमध्ये शंभराच्या पुढे जाते ते असे. शंभराची मोजणी दरमहा केली तर हे कुटुंब एका महिन्याच्या उकाड्यापायी अपात्र ठरू शकते, वर्षाची सरासरी धरली तर ठरत नाही. मुंबईत किंवा महाबळेश्वरात या फरकाला अर्थ नाही. वऱ्हाडात आहे. म्हणून वार्षिक सरासरीच धरली पाहिजे, हा आग्रह आपण येथूनच धरायला हवा.

आता एक गोष्ट, जिच्याकडे अनुदानाच्या चर्चेत बहुधा दुर्लक्ष होते. समान पॅनेल सर्वांना समान लाभ देत नाही. एक किलोवॅटमधून महिन्याला साधारण १२० युनिटे मिळतात. आपल्या दरपत्रकात पहिल्या १०० युनिटांना वहन आकारासह सुमारे सहा रुपये पडतात आणि १०१ ते ३०० च्या टप्प्याला अकराच्या घरात. पुढचे टप्पे याहून महाग. तेव्हा जो ३०० युनिटे वापरतो त्याची १२० युनिटे वाचली तर महिन्याला तेराशेवर रुपये वाचतात. जो ८० युनिटे वापरतो त्याचे पाचशेच्या आत. आणि दारिद्र्यरेषेखालील जो ग्राहक महिन्याला ३० युनिटांच्या आत राहून सवलतीच्या दराने बिल भरतो, त्याचे वाचणार ते किती? शंभर रुपयेही नाहीत. यंत्र तेच, ऊन तेच, वाचणारा पैसा मात्र ज्याचा वापर मोठा त्याला अधिक. म्हणून अत्यंत गरीब कुटुंबाला पॅनेल द्यायचे ते बिल वाचविण्यासाठी, हा युक्तिवाद टिकत नाही. त्याचा लाभ दोनच मार्गांनी होऊ शकतो. आजवर परवडत नव्हता तो कूलर त्याने चालवावा, किंवा उरलेली वीज त्याने विकावी.

विकावी, तर भाव काय? येथे मला कापूस आठवल्यावाचून राहत नाही. महिन्याची शिल्लक युनिटे पुढच्या महिन्याच्या बिलात वळती होतात, हे ठीक. पण वर्षअखेरीस उरलेली युनिटे महावितरण ठरलेल्या कमी दराने घेते आणि तीच वीज शेजारच्या घराला पूर्ण दराने विकते. तीस युनिटे वापरणाऱ्याच्या छतावर महिन्याला नव्वद युनिटे उरतात. त्याच्या दृष्टीने सारा प्रश्न या नव्वदांच्या भावाचा आहे. ज्या वऱ्हाडाने कापसाच्या भावासाठी इतकी आंदोलने केली, ज्याने १९७२ पासूनच्या एकाधिकार खरेदीचे भलेबुरे दिवस पाहिले, त्याने छतावर पिकणाऱ्या विजेच्या भावाविषयी गप्प का राहावे? दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाच्या शिल्लक युनिटाला निदान पहिल्या टप्प्याच्या विक्रीदराइतका भाव द्यावा, ही मागणी मला न्याय्य वाटते. त्याने कंपनी बुडणार नाही. संख्या दीड लाखांची आहे.

कंपनी बुडण्याचा विषय निघालाच आहे तर त्याची दुसरी बाजूही पाहू. महावितरण तोट्यात जाते ते गरिबामुळे, असे मध्यमवर्गात सहज बोलले जाते. वस्तुस्थिती अशी की वरच्या टप्प्यातील ग्राहक जो अधिक दर देतो त्यातून खालच्या टप्प्याचा दर आवाक्यात राहतो. आता माझ्यासारखे लोक तीन-तीन किलोवॅट बसवून त्या वरच्या टप्प्यातून निघून चालले आहेत. माझे बिल जवळजवळ स्थिर आकारापुरते उरले आहे. पण रात्री मला वीज लागते ती त्याच तारांतून येते, तोच खांब, तोच रोहित्र, तोच पावसात खांबावर चढणारा लाइनमन. आपल्याच जिल्ह्यातील पारस येथे २५० मेगावॅटचे दोन संच कोळसा जाळीत असतात, आणि सूर्य मावळला की माझी गच्चीही त्यांच्याकडेच तोंड करते. या साऱ्याचा खर्च मी आता कमी देतो. तो कोणीतरी दिलाच पाहिजे. जे मागे राहतील ते देतील, आणि मागे कोण राहणार हे सांगण्याची गरज नाही. मला ७८,००० रुपये देऊन सरकारने एका अर्थी शिंप्याचे पुढचे बिल वाढविण्याची व्यवस्था केली. हे लगेच होणार नाही, पण गच्च्या जसजशा भरतील तसतसे होईल. म्हणून सुस्थितीतील घरांना अनुदान हळूहळू थांबवावे, त्यांना हवे तर स्वस्त कर्ज द्यावे, आणि वाचलेला पैसा खालच्या थरासाठी वळवावा, असे माझे मत आहे. स्वयंपाकाच्या गॅसच्या बाबतीत २०१५ साली स्वेच्छेने अनुदान सोडा असे आवाहन झाले आणि जानेवारी २०१६ पासून दहा लाखांवर करपात्र उत्पन्न असलेल्यांचे अनुदान बंद केले गेले. त्याने कोणाची चूल विझली नाही. ते तत्त्व छताला लावायला काय हरकत आहे? माझे अनुदान घेऊन झाल्यावर मी हे बोलतो आहे, हा विरोधाभास आपल्या ध्यानात आला असेल. तो माझ्याही ध्यानात आहे.

पाच लाख हा आकडाही नीट पाहिला पाहिजे. महावितरणचे घरगुती ग्राहक दोन कोटींहून अधिक आहेत आणि त्यांतील सुमारे ७० टक्के महिन्याला १०० युनिटांपर्यंत वीज वापरणारे आहेत. म्हणजे दुर्बल म्हणता येतील अशा शंभर घरांमागे चारांनाही ही योजना पोचत नाही. आणि ते चार कोणते? ज्यांच्या छतावर शंभर चौरस फूट मोकळी, पक्की, ऊन पडणारी जागा आहे ते. घरकुल योजनेतील घराचे येथे बरे जमते. वाढीव ५०,००० रुपयांच्या राज्य अनुदानात १५,००० सौर संचासाठी ठेवले आहेत, हे राज्याने २०२५ मध्ये योग्य केले. पण ज्याला अजून घरकुल मिळाले नाही, ज्याचे घर टिनाचे किंवा कौलांचे आहे, जो दुसऱ्याच्या घरात भाड्याने राहतो, जो गावठाणाबाहेर अतिक्रमित जागेवर आहे, त्याचे काय? जर्मनीतही उत्पन्नाचा वाढीव हिस्सा मिळतो तो स्वतःच्या घरात राहणाऱ्याला. आणि तेथील निम्म्याहून अधिक लोक भाड्याच्या घरात राहतात. जगभर उत्पन्नाधारित अनुदानाची ही गंमत आहे. उत्पन्न मोजायला ते शिकले, पण मालमत्तेची अट काढायला विसरले. ज्याचे घर सर्वांत जास्त तापते त्याला छत नाही म्हणून मदत नाही.

यावर उपाय काही अद्भुत नाही. ज्याला छत नाही त्याला दुसरीकडच्या छतात वाटा द्यावा. आपल्या गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे, बाजार समितीची गोदामे आहेत, सरकारी कार्यालये आहेत. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गायरानांवर मोठे प्रकल्प उभे राहतात, तर दोनतीनशे छतहीन कुटुंबांसाठी त्यातलाच एक कोपरा का असू नये? प्रत्येक कुटुंबाच्या नावे एक किलोवॅट, केंद्राचे ३०,००० आणि राज्याचे १७,५०० त्या सामायिक प्रकल्पात, कुटुंबाचे २,५००, आणि निर्माण झालेली युनिटे त्याच्या बिलात जमा. तांत्रिकदृष्ट्या यात अशक्य काही नाही. देखभालही एका जागी होते. पॅनेल धुवायला पाणी लागते, आणि काटेपूर्णेचे पाणी किती दिवसांनी नळाला येते हे मी अकोलेकरांना सांगावे असे नाही. घरोघरी चढून धूळ पुसण्यापेक्षा एका ठिकाणी दोन माणसांना रोजगार देऊन ती पुसणे शहाणपणाचे आहे.

सार्वजनिक मालकीचा हा विचार आला की लगेच 'ते चालणार कसे' असा प्रश्न येतो. नळयोजना बंद पडली, सहकारी सूतगिरणी बुडाली, हे दाखले माझ्यापुढे ठेवले जातील. ते खोटे नाहीत. सहकारात जे बुडाले ते बव्हंशी माणसांनी बुडविले. पण सौर प्रकल्पात खरेदी-विक्रीचा घोळ फारसा नसतो. मीटर एक आकडा दाखविते आणि तो भिंतीवर लिहिता येतो. ज्या सभासदाचा अडीच हजारांचा वाटा आहे तो तो आकडा वाचतो. मला यात आशा वाटते. ती भाबडी आहे असे कोणाला वाटले तर त्यांनी चर्चेत सांगावे.

आता आपण काय करायचे ते सांगतो आणि थांबतो. मागण्यांचे निवेदन देणे सोपे आहे, पण आकड्यांशिवाय दिलेले निवेदन कार्यालयात फायलीखाली जाते. येथे जमलेल्या प्रत्येकाने आपापल्या आळीतील वीस घरे घ्यावीत. प्रत्येक घरी पाच गोष्टी लिहून आणाव्यात: छत कशाचे, ते कोणाच्या नावावर, मीटर किती आणि त्यामागे चुली किती, मागील मे महिन्याचे आणि जानेवारीचे बिल किती युनिटांचे, आणि शिधापत्रिकेचा रंग कोणता. वीस जण असाल तर चारशे घरे होतील. त्यावरून बार्शीटाकळीत किती कुटुंबे आजच्या अटींत बसतात, किती केवळ मे महिन्यामुळे किंवा एका मीटरमुळे बाहेर पडतात आणि किती छतापायी, हे आपल्याला निश्चित सांगता येईल. हिशेब मी करून देईन, तेवढे अजून जमते. पहिले घर शिंप्याचे, ते माझ्याकडे. त्याच्या मेच्या बिलाचा कागद मी मागून घेतला आहे; दोन्ही कुटुंबांची मिळून १८७ युनिटे आहेत.